ही तपासणी किती वेळा चुकते?

सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेतल्या 32 वर्षांच्या नोकरीत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी मोजक्याच वेळा उभा राहिलो. सरकारी विश्लेषकाचा अहवाल त्याला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 293 होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 329 आहे. त्यामुळे आमचा ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे केमिकल ॲनालायझरचा अहवाल, न्यायालयात जातो आणि आम्ही टेबलावरच राहतो. पण एकदा समन्स आले आणि मी गेलो.

मुद्देमाल एक सदरा होता. जुलैतली घटना. पंचनाम्यानंतर तो ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत भरला गेला, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहिला आणि सप्टेंबरात माझ्या टेबलावर आला. लाखेचे सील शाबूत होते. पिशवी उघडली तेव्हा कुबट वास आला. कॉलरवर करडी-हिरवी बुरशी धरली होती. तपासणी केली, अहवाल दिला: मानवी रक्त, गट ‘बी’. बचाव पक्षाचे वकील वयस्कर होते, आवाज चढवण्याची सवय नसलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “साहेब, अशा बुरशी आलेल्या कपड्यावर ही तपासणी किती वेळा चुकते?”

मी म्हणालो, “पद्धत मान्यताप्राप्त आहे.” न्यायाधीशांनी ते लिहून घेतले. वाक्य खरे होते, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. बुरशी आणि जिवाणू यांच्यामुळे कधीकधी ‘बी’सारखा प्रतिसाद मिळू शकतो, हे मी पुस्तकात वाचले होते. आमच्या पावसाळ्यात, आमच्या मुद्देमाल खोल्यांत, आमच्या सुती कपड्यांवर असे शंभरात किती वेळा होते, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या वरिष्ठांनाही नव्हते. ते कोणी मोजलेच नव्हते. त्या खटल्याचा निकाल काय लागला ते मला कळले नाही. विश्लेषकाला सहसा कळत नाही.

आता रक्तगटाच्या जागी डीएनए आला. प्रश्न मात्र तसाच उभा आहे, आणि तो प्रयोगशाळेने एकटीने सोडवण्यासारखा नाही. त्यासाठी वर्ष-दोन वर्षे एकाच गोष्टीमागे लागू शकणारी माणसे हवीत, मुद्दाम शंभर कपडे ओले करून कुजू देण्याची मुभा हवी, आणि मिळालेला आकडा अडचणीचा निघाला तरी छापण्याचे स्वातंत्र्य हवे. हे सगळे विद्यापीठात असते. कोणता कपडा कसा कुजवायचा, किती दिवस, कुठल्या पिशवीत, हे मात्र फक्त टेबलावर काम करणाऱ्याला माहीत असते. या दोघांची गाठ घालून देणारी कायमची व्यवस्था महाराष्ट्रात उभी राहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ती नसल्यामुळे आमच्या अहवालांवर न्यायालये जेवढा विश्वास टाकतात, तेवढा आधार त्या अहवालांच्या मागे अनेकदा नसतो. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण ते अहवाल माझेही आहेत.

मुंबईत ही गाठ एके काळी आपोआप पडलेली होती. मुंबई सरकारची रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा 1870 सालची. एकोणिसाव्या शतकात तिथले रासायनिक विश्लेषक होते आयझिडोर लायन, आणि तेच ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे आणि वैद्यक न्यायशास्त्राचे प्राध्यापक होते. सकाळी मृताच्या अवयवांच्या ज्या बरणीत सोमल किंवा धोतरा शोधायचा, त्याच बरणीबद्दल दुपारी वर्गात बोलायचे. त्या अनुभवातून त्यांनी लिहिलेले भारतापुरते वैद्यक न्यायशास्त्राचे पुस्तक पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. इंग्लंडमधल्या पुस्तकांत धोतऱ्याच्या विषबाधेला कितीशी जागा असणार? ती जागा इथल्या टेबलावरच्या माणसाने करून दिली, कारण तोच शिकवणाराही होता.

पुढे काम वाढले, ते वेगळे होणे भागच होते. आज न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय गृह विभागाखाली आहे. मुंबई, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आणि नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था उच्च व तंत्रशिक्षण विभागाखाली आहेत. दोघांचे मंत्री, सचिव, फायली सगळे वेगळे. मुंबईची मुख्य प्रयोगशाळा कालिन्यात आहे आणि तिच्या पत्त्यातच ‘विद्यानगरी’ आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा परिसर तिच्या शेजारीच. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र हे सगळे विभाग चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

या दुराव्याचे परिणाम दोन्हीकडे दिसतात. निवृत्तीनंतर मला काही महाविद्यालयांत बाह्य परीक्षक म्हणून बोलावतात. फॉरेन्सिकच्या एम.एस्सी.चे प्रबंध वाचतो. ओठांच्या ठशांचे प्रकार, बोटांच्या ठशांचा पॅटर्न आणि रक्तगट यांचा संबंध, हस्ताक्षरावरून स्त्री-पुरुष ओळखणे, हे विषय दर वर्षी येतात. नमुने वसतिगृहातल्या मुलामुलींचे, संख्या पन्नास किंवा शंभर. मुले मेहनती आहेत, तक्ते नीट काढतात. पण ओठांच्या ठशाचे एकही प्रकरण माझ्या टेबलावर 32 वर्षांत आले नाही. दोष मुलांचा मुळीच नाही. खऱ्या प्रकरणांत काय अडते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते, म्हणून जे हाताशी आहे त्यावर ती काम करतात. आणि आम्ही प्रयोगशाळेत काय करत होतो? अडलेले प्रश्न मनात ठेवून पुढची बरणी उघडत होतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात कुटुंबे भरडली जातात. मे महिना, विदर्भातला रस्ता, दुचाकीचा अपघात. मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडतो. ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन होते, रक्ताची बाटली भरली जाते. बाटलीत रक्त टिकवणारे सोडियम फ्लोराइड असायला हवे, पण ते कधी संपलेले असते, कधी कमी पडते. बाटली बसने, पोलीस शिपायाच्या पिशवीतून, दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पोचते आणि तपासणीला लागेपर्यंत आणखी काही काळ जातो. गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र आकडा देते: 100 मिलिलिटर रक्तात 42 मिलिग्रॅम इथिल अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185ची मर्यादा 30 आहे. माणूस प्यायलेला होता असा अर्थ लावला जातो आणि विम्याच्या दाव्यावर सावट येते.

पण कुजणाऱ्या रक्तात जिवाणू आणि यीस्ट साखरेपासून स्वतःच इथिल अल्कोहोल बनवतात. हे नवे ज्ञान नाही, आमच्यातला प्रत्येक जण हे जाणतो. एन-प्रोपॅनॉलसारखी दुसरी अल्कोहोले सोबत सापडली तर कुजण्याचा संशय बळावतो. डोळ्यातला द्रव पाठवला असेल तर ताडून पाहता येते, कारण तो रक्ताहून उशिरा बिघडतो. पण 44 अंशांच्या उन्हात, फ्लोराइड नसलेल्या बाटलीत, तीन दिवसांत किती मिलिग्रॅम आपोआप तयार होऊ शकते? नागपूरच्या मेमध्ये किती, महाबळेश्वरच्या जानेवारीत किती? हा तक्ता आपल्याकडे असला तर विश्लेषकाला अहवालाखाली एक प्रामाणिक ओळ लिहिता येईल आणि एखाद्या विधवेला तिचा हक्क मिळेल. सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही बऱ्या विभागाला दोन उन्हाळ्यांत करता येण्यासारखे हे काम आहे. अट एकच, की बाटल्या खरोखर कशा भरल्या जातात आणि कशा प्रवास करतात हे त्यांना आमच्याकडून कळले पाहिजे. ताजे रक्त, स्वच्छ काचेची नळी आणि वातानुकूलित खोली घेऊन केलेला प्रयोग इथे निरुपयोगी आहे.

माश्यांचेही तसेच. मृतदेहावर पहिल्यांदा येणाऱ्या चकाकत्या माश्या अंडी घालतात, अळ्या वाढतात, कोषात जातात. हा वेग तापमानावर ठरतो आणि त्यावरून मृत्यू कधी झाला असावा याचा अंदाज बांधता येतो. युरोपातल्या तक्त्यांत तिकडच्या थंड हवेतल्या जाती असतात. आपल्याकडे मृतदेहावर प्रामुख्याने क्रायसोमिया गटातल्या माश्या येतात. कोकणातला श्रावण आणि मराठवाड्यातला वैशाख यांत अळीची वाढ एकसारखी होणे शक्यच नाही. ती मोजणारा प्राणिशास्त्रज्ञ जिल्ह्याच्या महाविद्यालयात बसलेला असतो आणि शवागाराचे दार त्याला बंद असते.

दार उघडले की काय होते, ते इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये दिसले. सप्टेंबर 1984मध्ये लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत सापडली. ते आनुवंशिकतेवर काम करत होते, गुन्ह्यांवर नव्हे. विद्यापीठापासून थोड्याच मैलांवरच्या गावांत दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि 17 वर्षांच्या एका मुलाने त्यांतल्या एकीच्या खुनाची कबुली दिली होती. 1986मध्ये पोलीस जेफ्रीज यांच्याकडे गेले. अपेक्षा होती की दुसराही खून त्याच मुलावर सिद्ध होईल. उत्तर आले की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. खरा गुन्हेगार पुढे सापडला आणि 1988मध्ये त्याला शिक्षा झाली. पोलिसांनी विद्यापीठाला विचारले, आणि मनासारखे नसलेले उत्तर स्वीकारले, या दोन गोष्टींमुळे एक मुलगा वाचला.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी हेच केले. पट्टेरी मण्यार या सापाच्या लिंग-गुणसूत्रांचा अभ्यास करताना त्यांना डीएनएचा एक तुकडा हाती लागला होता. तोच तुकडा पुढे माणसांची ओळख पटवण्यासाठी वापरता आला आणि भारतीय न्यायालयांत डीएनएचा पुरावा आला. सापावरचे संशोधन पितृत्वाच्या दाव्यात उपयोगी पडेल, असे कुठल्या सरकारी योजनेत आधी लिहिता आले असते?

मात्र नुसती सलगी पुरत नाही, हेही आपण पुण्यात पाहिले आहे. मेंदूतल्या विद्युत लहरींवरून ‘अनुभवाची आठवण’ ओळखण्याचा दावा करणारी बीईओएस नावाची चाचणी एका अनुभवी संशोधकाने विकसित केली आणि ती गांधीनगर व मुंबईच्या प्रयोगशाळांत वापरात आली. जून 2008मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना दोषी ठरवताना इतर पुराव्यांसोबत या चाचणीचाही आधार घेतला. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय पाया नसल्याचे सांगून पुरावा म्हणून त्या न वापरण्याचा सल्ला दिला. मे 2010मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. इथे संशोधक आणि वापरणारे यांच्यात अंतर नव्हतेच. अंतर होते ते तिसऱ्या, परक्या डोळ्याने तपासण्याचे. ज्यांचे त्या चाचणीत काही गुंतलेले नाही अशा माणसांनी ती आंधळेपणाने, म्हणजे कोण आरोपी आणि कोण नाही हे न सांगता, शेकडो जणांवर करून पाहायला हवी होती. ते काम न्यायालयाच्या आधी व्हायला हवे होते. सहकार्य म्हणजे एकमेकांची पाठ थोपटणे अशी जर कोणाची समजूत असेल, तर असे सहकार्य मला नको आहे.

बोटांच्या ठशांची गोष्ट तर आपल्याच देशातून सुरू होते. 1897मध्ये कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला. बंगालचे पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेलेल्या वर्गीकरणाचे बरेचसे काम अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन उपनिरीक्षकांनी केले होते. त्यानंतर शंभर वर्षे जगभरचे तज्ज्ञ साक्ष देत राहिले की ठसा चुकत नाही. 2004मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांत एका पिशवीवर सापडलेला ठसा एफबीआयने ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला. स्पेनच्या पोलिसांनी तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. त्यानंतर मोजणी झाली. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 169 तज्ज्ञांना ठशांच्या जोड्या दिल्या गेल्या. भलत्याच माणसाशी ठसा जुळवण्याची चूक 0.1 टक्का वेळा झाली, आणि खरोखर जुळणारा ठसा जुळत नाही असे सांगण्याची चूक 7.5 टक्के वेळा. आकडा बाहेर आल्यावर ठशांची विद्या कोसळली नाही. उलट तज्ज्ञाला पहिल्यांदाच पिंजऱ्यात उभे राहून खरे उत्तर देता येऊ लागले. मला त्या वयस्कर वकिलांपुढे असाच एखादा आकडा हवा होता.

यावर माझे जुने सहकारी काय म्हणतील ते मला पाठ आहे. “साहेब, संशोधनाला वेळ कुठे आहे?” त्यांचे खरे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी देशातल्या 26 प्रयोगशाळांची माहिती गोळा केली, तेव्हा मंजूर पदांपैकी सुमारे 40 टक्के रिकामी निघाली. प्रलंबित बरण्यांची रांग असताना विश्लेषकाने प्रयोग करत बसावे, असे मी म्हणतच नाही. त्याच्याकडे वेळ नाही म्हणूनच तर ज्याच्याकडे आहे त्याला आत घ्यायचे. विश्लेषकाने महिन्यातून एक दुपार द्यावी आणि त्याची नोंद कामाच्या तासांत व्हावी, एवढेच.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि तो गंभीर आहे. खटला चालू असताना मुद्देमालाला परक्या हाताचा स्पर्श होता कामा नये. कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात वस्तू गेली याची साखळी तुटली तर आरोपी सुटतो, आणि ते योग्यच आहे. पण वर सांगितलेल्या कामांपैकी एकालाही चालू खटल्यातला मुद्देमाल लागत नाही. कपडे विकत घेता येतात, रक्त रीतसर संमतीने दात्यांकडून मिळते, आणि प्रयोगशाळेच्या हजारो जुन्या अहवालांतून नावे काढून नुसते आकडे देता येतात. कोणत्या जिल्ह्यातून येणाऱ्या किती बाटल्यांत फ्लोराइड नव्हते, एवढी एक यादी जरी संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिली तरी आरोग्य विभागाचे डोळे उघडतील.

तिसरी भीती कोणी मोठ्याने बोलत नाही. चुकांचा आकडा बाहेर आला तर वकील फाडून खातील, आरोपी सुटतील. ही भीती मी स्वतः बाळगली आहे, म्हणून तिच्याबद्दल सौम्यपणेच बोलतो. पण आकडा नसतानाही अहवाल पडतच आहेत. नोव्हेंबर 2022मध्ये दिल्लीतल्या छावला इथल्या एका तरुण मुलीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडले. त्या निकालात न्यायालयाने नोंदवले की डीएनए अहवालातले निष्कर्ष कशाच्या आधारावर काढले गेले, हे खालच्या न्यायालयांनी तपासलेच नव्हते. त्या मुलीच्या आईवडिलांना या निकालानंतर काय वाटले असेल, याचा विचार केला की आपल्या क्षेत्राची जबाबदारी अंगावर येते.

आणि आता वेळही थोडा आहे. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 176(3)नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होते आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे व्हॅन येतील, माणसे भरली जातील, नमुने कितीतरी पटींनी वाढतील. अभ्यासक्रमांना विद्यार्थ्यांची गर्दी आहे, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे केंद्र गोव्यातही सुरू झाले आहे. ही मुले उद्या प्रयोगशाळांत येणार. शिकताना त्यांनी मुद्देमालाची एकही पिशवी पाहिलेली नसली, तर त्यांचे शिक्षण नोकरीच्या पहिल्या दिवशी शून्यापासून सुरू होईल.

मला हवे आहे ते असे. प्रत्येक प्रादेशिक प्रयोगशाळेने दर वर्षी जूनमध्ये आपल्याला अडलेल्या प्रश्नांची यादी जाहीर करावी आणि आसपासच्या विद्यापीठांनी प्रबंधांचे विषय त्यातून द्यावेत. विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक असावेत, एक महाविद्यालयातला, एक प्रयोगशाळेतला, आणि दुसऱ्याच्या पदोन्नतीत या कामाची गणना व्हावी. निकाल प्रसिद्ध करण्याची परवानगी ठरावीक दिवसांत मिळावी, नाही मिळाली तर ती दिली असे धरावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, विद्यापीठाने मुद्दाम तयार केलेले नमुने पोलीस ठाण्यामार्फत, नेहमीच्या लाखेच्या सीलसह, नेहमीच्या पत्रासह आमच्याकडे यावेत. विश्लेषकाला पत्ताही लागू नये की हा परीक्षेचा नमुना आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या फॉरेन्सिक सायन्स सेंटरने 2015पासून असे केले. सांगून घेतलेल्या परीक्षेत आम्ही सगळेच उत्तीर्ण होतो. चार वाजता, चाळिसावी बरणी उघडताना आम्ही कसे असतो, ते तसेच तपासले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी मला भेटायला आली होती. मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेल्या व्हिसेऱ्यात, म्हणजे मृतदेहातून काढलेल्या अवयवांच्या तुकड्यांत, सहा महिन्यांनी कीटकनाशकाचा अंश किती उरतो, यावर तिला काम करायचे होते. शेतकरी आत्महत्यांच्या आपल्या राज्यात याहून मोलाचा विषय कोणता? अहवालात ‘विष आढळले नाही’ असे लिहिले जाते, तेव्हा विष नव्हतेच की बरणीत वाट पाहता पाहता विरून गेले, हे घरच्यांना समजायला नको का? तिने एका कार्यालयात परवानगीचा अर्ज दिला. तिथून तो दुसऱ्या विभागाकडे गेला, तिथून अभिप्रायासाठी परत आला. दीड वर्षाने तिने विषय बदलला. ओठांचे ठसे घेतले. प्रबंधावर परीक्षक म्हणून मीच सही केली. तिला चांगले गुण दिले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

नोकरीत असताना मी डायरीच्या मागच्या पानांवर अडलेले प्रश्न लिहून ठेवत असे. अशा 41 नोंदी आहेत. कोणत्या महिन्यातले प्रकरण, वस्तू कशात बांधली होती, किती दिवसांनी आली, कुठे शंका आली, एवढेच. नाव कोणाचेच नाही. गेल्या महिन्यात मी त्या स्वच्छ अक्षरात उतरवून काढल्या आणि जवळच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंना नेऊन दिल्या. त्यांनी चष्मा लावून पहिली नोंद वाचली. ती त्या सदऱ्याची होती. “पिशवी प्लास्टिकची होती म्हणता, पण तोंड गाठ मारून बंद केलेले होते की स्टेपल केलेले?” त्यांनी विचारले. “हवा आत जात होती का, ते त्यावर ठरेल.” इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. गाठ मारलेली होती. मी तसे त्यांना सांगितले आणि त्यांनी ते समासात लिहून घेतले.